पाण्याची पहिली खबर बाईला लागते, मग सोसायटीच्या वहीत तिचं नाव का नाही?

 

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीत शेवटचे दोन विषय वाचून बऱ्याच जणांचे फोन आले. एक विषय आहे, मासळी निवडणाऱ्या, सुकवणाऱ्या आणि विकणाऱ्या बायांना त्यांच्या स्वतःच्या नावाने सभासद करून घेण्याचा. दुसरा आहे, सोसायटीने ‘पाण्याची वही’ सुरू करण्याचा. कोणी म्हणालं, हे नवीन काय खूळ काढलं? कोणी म्हणालं, सचिवाला भोपाळचं पाणी लागलं. दुसरी गोष्ट काही अंशी खरी आहे. म्हणून सभेआधी सगळं इथंच सविस्तर लिहितो, म्हणजे सभेत आरडाओरडा कमी आणि बोलणं जास्त होईल.

आपल्या समाजाची सोयरीक बालाघाट, शिवनीकडे पूर्वीपासून आहे, आता ती भोपाळपर्यंत गेली. मागच्या उन्हाळ्यात आम्ही अकरा जण तिकडे लग्नाला गेलो होतो. सात बाप्ये, चार बाया. लग्न आटोपल्यावर दोन दिवस हाताशी होते. मच्छीमार माणूस दुसऱ्याच्या गावी गेला तर देवळाआधी तळं बघतो. आम्हीही बडा तालाबच बघायला गेलो.

तळं म्हणजे काय तळं! समोरचा काठ धुरकट दिसतो. भोपाळच्या तळ्यापुढे बाकीची सगळी डबकी, असं तिकडचे लोक अभिमानाने म्हणतात. अकराव्या शतकात राजा भोजाने कोलांस नदीला बांध घालून ते तयार केलं असं सांगतात. त्याच्या खालच्या अंगाला छोटा तालाब आहे, तो नवाबी काळातला, 1794 चा. दोन्ही मिळून ‘भोज पाणथळ’ म्हणतात आणि 2002 पासून तिचं नाव जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आहे. शहराच्या मोठ्या भागाला पिण्याचं पाणी या तळ्यातून जातं. त्याच पाण्यात मच्छीमारांची जाळी, त्याच पाण्यात शिंगाड्याचे वेल.

आमच्या विहीणबाई काठावर शिंगाडे आणि मासळी विकत आल्या आहेत, उभा जन्म. आपली माणसं पाण्याकडे बघून ‘मासा किती निघतो, जाळं कोणतं वापरता’ विचारत होती. आपल्या बाया मात्र विहीणबाईंना वेगळंच विचारत होत्या. इथं हात खाजवतात का? मासळीला चिखलाचा वास येतो का? पिण्याचं पाणी कुठून आणता? विहीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, “बाई, पाणी बिघडलेलं आधी बाईलाच कळतं. माणसाला कळतं तेव्हा मासा उलटा झालेला असतो.”

आम्ही तिथंच उभे होतो. ऐकलं आणि मान खाली गेली. का गेली ते पुढे सांगतो.

त्याआधी भोपाळचीच दुसरी बाजू. भोपाळ म्हटलं की आपल्याला 2 आणि 3 डिसेंबर 1984 ची रात्र आठवते. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसं मेली. हे सगळ्यांना माहीत आहे. पण वायू एका रात्रीत गेला, पाण्यातलं विष राहिलं, हे आपल्याकडे कमी जणांना माहीत आहे. हा कारखाना 1969 मध्ये सुरू झाला. कीटकनाशकं बनवताना निघणारा कचरा आवारातच टाकला जायचा, रसायनांचं पाणी बाहेरच्या तलावांत वाळवायला सोडलं जायचं. ते जमिनीत मुरलं आणि आजूबाजूच्या वस्त्यांच्या हातपंपांत उतरलं. 1999 मध्ये ग्रीनपीसने तिथली माती आणि पाणी तपासलं, त्यात पारा आणि घातक रसायनं सापडली. 2002 च्या एका पाहणीत तर कारखान्याजवळच्या आयांच्या दुधातही पारा, शिसं आणि कीटकनाशकांच्या जातीची रसायनं आढळली. आईच्या दुधात, मंडळी.

पुढे तिथल्या हातपंपांना लाल रंग दिला गेला. हे पाणी पिऊ नका, अशी खूण. आता विचार करा. पंप लाल झाला तरी घरातली तहान थांबत नाही. स्वयंपाक थांबत नाही. लांबून पाणी कोण आणणार? टँकरची वाट बघत रांगेत कोण उभं राहणार? आणि आई कामाला गेली असेल तर शाळा बुडवून हंडा कोणाच्या डोक्यावर येणार? आपल्या गावातही याचं उत्तर वेगळं नाही. पोरीच्या.

यात भोपाळच्या बाया रडत बसल्या नाहीत. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला, एक मुसलमान, एक हिंदू, दोघी गॅसपीडित, दोघी स्टेशनरी बनवण्याच्या केंद्रात कामाला. त्यांनी तिथल्या बायांची संघटना बांधली. 1989 मध्ये या बाया भोपाळहून दिल्लीपर्यंत पायी गेल्या. 2006 मध्ये गॅसपीडितांनी पुन्हा पायी दिल्ली गाठली, तेव्हा मागण्यांत स्वच्छ पिण्याचं पाणी होतं. 2004 मध्ये या दोघींना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला, त्या पैशातून त्यांनी जन्मतः अपंग मुलांसाठी चिंगारी ट्रस्ट काढला. त्याच 2004 मध्ये सुप्रीम कोर्टाने या वस्त्यांना स्वच्छ पाणी द्या असा हुकूम दिला. हुकमानंतरही नळ घरापर्यंत यायला वर्षं लागली. कारखान्यात साठवलेला 337 टन कचरा तर जानेवारी 2025 मध्ये तिथून हलला, म्हणजे चाळीस वर्षांनी. जमिनीत मुरलेलं अजून जमिनीतच आहे.

ही गोष्ट इतकी लांबवून सांगतो कारण यात आपल्यासाठी एक धडा आहे. पाणी बिघडलं हे तिथल्या बायांना रोजच्या भांड्यातून, रोजच्या वासातून कळलं होतं. कागदावर यायला वर्षं गेली. या मधल्या वर्षांची किंमत बायांनी आणि लेकरांनी मोजली.

आता मान का खाली गेली ते.

तीन वर्षांपूर्वीची आपली सभा आठवा. बाया मागच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यातली एक उठून म्हणाली की मासळी निवडताना हात लाल होतात, रात्रभर आग होते, आणि बाजारात गिऱ्हाईक मासळी हुंगून परत ठेवतं. तेव्हा पुढून कोणीतरी म्हणालं, “मावशी, साबण बदला.” सगळे हसले. आम्ही पण हसलो. इतिवृत्त आम्हीच लिहिलं आणि त्यात तिचं बोलणं लिहिलं नाही, कारण ती सभासद नव्हती.

पुढच्या पावसाआधी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. एका पहाटे काठावर मासा पांढरा होऊन तरंगत होता. मग आपण पंचनामा मागितला. नावा मोजल्या, जाळी मोजली, मासळीचं वजन अंदाजाने लिहिलं. बाईचं काय बुडालं ते लिहायला रकानाच नव्हता. तिच्या टोपल्यातला माल गेला, दोन महिने बाजार गेला, उधारीवर घेतलेलं मीठ आणि बर्फ अंगावर पडलं. यातलं एक अक्षर कुठं नाही.

हे का झालं ते समजून घेऊ, नाहीतर सगळं नशिबावर जातं. आपण वैनगंगेकाठचे. नागपूर शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला मिळतं, कन्हान वैनगंगेला, आणि ते सगळं गोसीखुर्दच्या फुगवट्यात येऊन थांबतं. वाहत्या पाण्यात घाण पुढे जाते, थांबलेल्या पाण्यात ती बसते. मैला-घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. त्याच घाणीच्या खतावर शेवाळ आणि जलपर्णी माजते. दिवसा उन्हात पाण्यातलं शेवाळ प्राणवायू सोडतं, पण रात्री तेच प्राणवायू ओढून घेतं. जलपर्णीची चादर वरून हवा आणि ऊन अडवते ते वेगळंच. म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो आणि मासा वर येऊन तोंड उघडतो. ढगाळ दिवस सलग आले की हाच खेळ जास्त वाईट होतो. यात देवाचा कोप नाही.

आणि हे होण्याआधी खुणा दिसतात. पाण्याचा रंग फिरतो. काठाला फेस येतो. जाळं धुताना चिकट लागतं. मासळीचे कल्ले लवकर काळपट पडतात, मांस लवकर मऊ होतं. झिंगे कमी निघतात. जाळं टाकणारा माणूस वजन बघतो, या खुणा त्याच्या नजरेतून सुटतात. निवडणारी, साफ करणारी, विकणारी बाई प्रत्येक मासा हातात घेते. नवऱ्याला वजन कळतं, बाईला भाव कळतो. गिऱ्हाईकाने नाक मुरडलं की पाणी बिघडल्याची पहिली तक्रार तिच्याकडे येते. म्हणजे आपल्या सोसायटीत पाण्याची परीक्षा रोज होते. फक्त परीक्षा घेणारीला कोणी विचारत नाही.

मासा कमी झाला की घरात काय होतं तेही बोलू. माणूस डोंगा बांधून ठेवतो आणि नागपूरला, हैदराबादला मजुरीला जातो. बाई कुठं जाणार? ती रोवणीला जाते, तेंदूपत्त्याला जाते आणि संध्याकाळी राहिलेली मासळी विकते. ताटातला मासा आधी बाप्यांना, मग पोरांना, उरला तर तिला. गरोदर बाईला आणि वाढत्या पोरीला ज्याची सगळ्यात जास्त गरज, तेच आधी सुटतं. खराब पाण्यात गुडघाभर उभं राहून काम केल्यावर बायांना खाज, जळजळ, अंगावरचे त्रास होतात. ते त्या पुरुष डॉक्टरला सांगत नाहीत आणि आपल्याला तर अजिबात सांगत नाहीत. मोठ्या पोरीची शाळा आधी ‘चार दिवस’ सुटते, मग कायमची. आपल्या वाडीतल्या किती पोरी दहावीच्या पुढे गेल्या ते ज्याने त्याने आपल्या घरापासून मोजावं.

जगात दुसरीकडेही हेच दिसतं. जपानात मिनामाटा नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. कारखान्याचा पारा समुद्रात जात होता, मासळीत उतरत होता, मच्छीमार घरं ती मासळी खात होती. 1956 मध्ये तो रोग पहिल्यांदा नोंदवला गेला. तिथं असंही दिसलं की आई वरून धडधाकट आणि पोटातलं बाळ मात्र जन्मतःच आजारी. आईच्या अंगातला पारा बाळाकडे जात होता. समुद्र असो की तळं, पाण्यात जे टाकाल ते फिरून चुलीवर येतं, आणि चुलीवरून पोटातल्या लेकरापर्यंत जातं.

आपल्या जवळची चांगली गोष्टही आहे. आपल्याच भंडारा-गोंदियात मालगुजारी तलावांवर ढिवर बायांनी काम केलं आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि मनीष राजनकर यांच्यासोबत या बायांनी तलावातली बेशरम उपटली, देवधानासारख्या जुन्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. देशी मासा या गवतांत अंडी घालतो, पिल्लं त्यातच लपतात. गवत गेलं की मासा जातो, गवत आलं की परत येतो. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकातून आलं नाही, जुन्या ढिवरांच्या डोक्यात होतं. बायांनी ते हातात घेतलं आणि कमरेभर चिखलात उभं राहून केलं. तिथं आधी तलाव सुधारला की आधी बाईला मान मिळाला, हे आम्हाला सांगता येणार नाही. दोन्ही बरोबरच झालं असावं.

आता ठरावांवर येतो आणि हरकतींवरही, कारण हरकती खोट्या नाहीत.

पहिली हरकत: “सभासद म्हणजे क्रियाशील मच्छीमार. बाई जाळं टाकत नाही.” आमचं म्हणणं, क्रियाशीलचा अर्थ फक्त जाळं टाकणारा, हा आपण सवयीने लावला. मासा पाण्यातून काढला तिथं निम्मं काम होतं. निवडणं, साफ करणं, सुकवणं, टोपलं डोक्यावर घेऊन बाजार गाठणं, हे निम्मं काम कोणाचं? संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने 2023 मध्ये जगभरच्या लहान मासेमारीचा हिशेब मांडला. त्यात पाण्यापासून बाजारापर्यंत राबणाऱ्या दर दहा माणसांत चार बाया निघाल्या. आपल्या सभासद यादीत किती आहेत? तेरा. त्यातल्या दहा नवरा वारल्यावर वारस म्हणून आल्या. म्हणजे बाईला सभासद व्हायला आधी विधवा व्हावं लागतं. हे लिहिताना आम्हालाच लाज वाटली.

दुसरी हरकत: “एका घरात दोन मतं होतील, आणि सभासद वाढले की वाटा कमी होईल.” हे खरं आहे. सहकारात एक सभासद एक मत, आणि लाभांश वाटताना डोकी वाढतील. हे आम्ही लपवणार नाही. पण आज बाई फुकट राबते म्हणून तुमचा वाटा मोठा दिसतो, हेही लपवू नका. शेअरची रक्कम एकदम जड जाते, म्हणून ती हप्त्याने घ्यावी असं ठरावात लिहिलं आहे.

तिसरी हरकत कोणी तोंडावर बोललं नाही, पण आमच्या कानावर आली: “बाया नावालाच राहतील.” ही भीती खरी आहे आणि तिला जबाबदार आपण आहोत. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला 40 टक्के आणि महिलांना 60 टक्के अनुदान आहे. म्हणून अर्जावर बायको आणि नावेवर नवरा, असं किती घरांत झालं? संचालक मंडळात दोन जागा महिलांसाठी कायद्यानेच आहेत. त्या दोघी सभेला येतात, सही करतात, चहा घेतात आणि जातात. कारण त्यांना विषय आधी कळतच नाही. इथून पुढे नोटीस त्यांच्या हातात द्यायची, घरच्या माणसाच्या नाही. सभा संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी न ठेवता दुपारी ठेवायची. येणारी सभा दुपारी दोनची आहे, ते याचसाठी.

दुसरा ठराव, पाण्याची वही. खर्च फार नाही. दोनशे पानी वही आणि पाणी तपासायचा साधा संच. दर आठवड्याला ठरलेल्या तीन ठिकाणी पाण्याचा रंग, वास, फेस, जलपर्णी किती, मेलेला मासा दिसला का, आणि बाजारात गिऱ्हाईक काय बोललं, हे लिहायचं. तारीख घालायची, फोटो काढायचा. दोन अनुभवी बाया आणि बारावी शिकणारी एक पोरगी हे काम बघेल आणि त्यांना सोसायटी मानधन देईल. वहीची प्रत दर महिन्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि मत्स्यव्यवसाय खात्याला जाईल.

वहीने नागपूरचा मैला थांबणार आहे का? नाही. ते काम मोठ्या यंत्रणेचं आहे आणि त्यासाठी भांडावंच लागेल. पण तारखेशिवाय केलेली तक्रार म्हणजे नुसती ओरड. मासा मेल्यावर आपण गेलो तेव्हा आपल्याला विचारलं, आधी कधी कळवलं होतं? आपल्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर होतं, पण ते आम्ही हसण्यावारी नेलं होतं.

नाववाल्यांना एक शब्द वेगळा. 2023 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने भोपाळच्या त्या तळ्यावर इंजिनाच्या बोटी बंद करायला सांगितलं. पाणी आपण सांभाळलं नाही तर सांभाळायचा हुकूम वरून येतो, आणि तेव्हा आपल्याला कोणी विचारत नाही. डिझेल सांडू नका, जुनं ऑइल पाण्यात ओतू नका, फाटकी नायलॉन जाळी तळाला सोडू नका. दुसऱ्याच्या घाणीबद्दल बोलायचं तर आधी आपला काठ स्वच्छ पाहिजे.

भोपाळमध्ये 1819 ते 1926 या काळात बहुतेक वर्षं बेगमांनी राज्य केलं. त्यातल्या कुदसिया बेगम यांनी रयतेला फुकट पाणी मिळावं म्हणून शहरात पाण्याची योजना उभी केली. ती गादीवर होती म्हणून तिचं नाव राहिलं. आपल्या काठावरच्या बाया गादी मागत नाहीत. इतिवृत्तात एक ओळ मागतात.

त्या मावशी, ज्यांना आपण साबण बदला म्हणालो, त्या येत्या सभेला येणार आहेत. आम्ही स्वतः घरी जाऊन सांगून आलो. त्या म्हणाल्या, “येईन, पण या वेळी लिहून घेशील ना?”

घेणार. सभासद बंधूंनी घरच्या बाईला सोबत आणावं, आणि मागे भिंतीशी नाही, पुढे सतरंजीवर बसवावं.

आपला,
सचिव